हरण्याचं जॉबवर्क

ट्रम्प कार्ड्स तुम्ही नाहीतर तुमच्या मोठ्या भावंडांनी नक्की खेळलेले असणार. डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते. वर पैलवानाचा फोटो आणि खाली आकडे: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, फाइट्स फॉट, फाइट्स वन. उल्हासनगरच्या बॅरेकींपासून बदलापूरच्या चाळींपर्यंत शाळेच्या मधल्या सुट्टीत या पत्त्यांवर भांडणं व्हायची. ज्याच्या पत्त्यावर आकडा मोठा, त्याला समोरच्याचा पत्ता मिळायचा.

त्या पत्त्यांवर एक हिशेब जुळत नसे. जो तो पैलवान शेकडो कुस्त्या जिंकलेला. पण एक जण जिंकायचा तर दुसरा हरायला हवा. सगळेच एवढे जिंकत होते, तर हरत कोण होतं? ते पराभव कुणाच्या खात्यावर जमा झाले?

उत्तर सोपं आहे. ते पराभव अशा माणसांच्या खात्यावर गेले ज्यांचा बहुतेकदा पत्ताच छापला गेला नाही. त्यांना रेसलिंगच्या धंद्यात 'जॉबर' म्हणतात. 'जॉब करणं' म्हणजे ठरल्याप्रमाणे हरणं. कंपनीच्या कागदोपत्री भाषेत यालाच 'एन्हान्समेंट टॅलेंट' असं सभ्य नाव आहे. एन्हान्समेंट, म्हणजे वाढवणं. स्वतःला नाही, समोरच्याला.

या माणसांकडे बघताना एक प्रश्न पडतो आणि तो कुस्तीपुरता राहत नाही. दुसऱ्याला मोठं करण्यासाठी हरणं हे ज्याचं काम आहे, त्याच्या कामाला प्रतिष्ठा असते का? असेल तर ती कशातून येते?

नुरा कुस्ती आणि नाटक

पहिला आक्षेप मराठी माणसाचाच येणार. आपल्याकडे कुस्ती म्हणजे लाल माती, हलगी आणि निकाली लढत. आधी ठरवून खेळलेल्या कुस्तीला आपण 'नुरा कुस्ती' म्हणतो आणि ती शिवी आहे. राजकारणातल्या लुटुपुटूच्या भांडणांनाही आपण हाच शब्द वापरतो. मग पैसे घेऊन हरणाऱ्याचं कौतुक कसलं करायचं?

फरक इथे आहे की नुरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवलेलं असतं. जत्रेच्या मैदानात बसलेला माणूस निकाल खरा धरून बसलेला असतो, कधी त्यावर इनामाचे पैसेही लावतो. डब्ल्यूडब्ल्यूएफने मात्र १९८९ मध्येच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की आमचा कार्यक्रम स्पर्धा नाही, करमणूक आहे. (खेळांसाठीचे नियम आणि कर चुकवणं हा त्यामागचा हेतू होता, पण कबुली ती कबुलीच.) आज शाळेतलं पोरही सांगतं, "अरे, ते सगळं फिक्स असतं." ज्याला सगळ्यांनी नाटक म्हणून मान्य केलंय, त्यात फसवणूक उरत नाही. खलनायकाची भूमिका करणारा नट रोज तिसऱ्या अंकात मार खातो. त्याला कुणी पराभूत म्हणत नाही.

पण नटाची तुलना पुरी पडत नाही. नट मरतो तेव्हा मरत नाही. जॉबर मात्र पडतो तेव्हा खराच पडतो. निकाल खोटा, पण फळ्यांवर आपटणारी पाठ खरी.

चार प्रकारचे हरणारे

हरणारे सगळे एका मापाचे नसतात. त्यांना शेजारी शेजारी उभं करून पाहू.

पहिला, मुंबईने पाहिलेला किंगकाँग. खरं नाव एमिल चाया. जन्माने युरोपातला, पण पुढे सिंगापूरला स्थायिक झालेला, वजनाने दोनशे किलोच्या घरातला. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईत फ्रीस्टाइल कुस्त्यांचं वेड होतं. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमला त्यासाठी गर्दी लोटायची, आणि त्या काळाचा नायक होता दारा सिंग. दारा सिंगने किंगकाँगला डोक्यावर उचललं, ही कथा आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. आता जरा विचार करा. दोनशे किलोचा जिवंत माणूस, जो उचलला जाऊ नये म्हणून धडपडतोय, तो कुणाला उचलता येईल का? व्यावसायिक रेसलिंगमध्ये उचलला जाणारा माणूसही उचलण्यात सामील असतो. तो योग्य क्षणी उडी देतो, अंग आवळून धरतो, तोल सांभाळतो. दारा सिंगची ताकद खरीच होती. पण ती गर्दीला दिसली, त्यात किंगकाँगच्या अंगाचा वाटा होता. किंगकाँग जॉबर नव्हता, तो स्वतःच्या नावावर तिकिटं खपवणारा तारा होता. १९७० मध्ये मोटार अपघातानंतर तो सिंगापूरला वारला. भारतात तो आजही आठवतो, पण फक्त 'दारा सिंगने ज्याला उचललं तो' म्हणून.

दुसरा, अमेरिकन टीव्हीवरचा आठवड्याचा हरणारा. ऐंशीच्या दशकात टीव्हीवर ताऱ्यांच्या आपसातल्या लढती फारशा दाखवत नसत, त्या तिकीट काढून येणाऱ्यांसाठी राखून ठेवत. टीव्हीवर तारा यायचा आणि दोन-तीन मिनिटांत एका अनोळखी माणसाला लोळवून जायचा. अँटिग्वाहून आलेला एस. डी. जोन्स त्यांतला एक. ३१ मार्च १९८५ रोजी पहिल्या रेसलमेनियात तो किंगकाँग बंडीकडून हरला. किती वेळात? जाहीर झालं, नऊ सेकंदांत. आजही तो 'विक्रम' म्हणून सांगितला जातो. पण रेकॉर्डिंग लावून मोजलं तर लढत वीस सेकंदांहून जास्त चालते. जिंकणारा अधिक भयंकर वाटावा म्हणून जोन्सच्या वाट्याची निम्म्याहून अधिक लढत पुसून टाकली. हरणाऱ्याकडून विजय तर घेतलाच होता, वर त्याने तग धरलेले सेकंदही घेतले.

तिसरा, कसबी हरणारा. स्टीव्ह लोम्बार्डी हा 'ब्रुकलिन ब्रॉलर' म्हणून वर्षानुवर्षं हरला आणि इतर सोंगांखाली, कधी मुखवटा चढवून, कधी बेसबॉलपटूच्या वेशात, पुन्हा हरला. जॉनी रॉड्झ सुमारे दोन दशकं हरला आणि नंतर ब्रुकलिनच्या ग्लीसन्स जिममध्ये वस्ताद होऊन टॉमी ड्रीमर, टॅझ, डडली बंधू यांच्यासारखे चेले घडवले. १९९६ मध्ये कंपनीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. पडावं कसं, हे ज्याला उत्तम येतं तोच दुसऱ्याला शिकवू शकतो.

चौथा, तात्पुरता हरणारा. २०१२ मध्ये 'थ्री एमबी' नावाचं त्रिकूट निघालं: हीथ स्लेटर, ड्रू मॅकिंटायर आणि जिंदर महाल. तिघांचं काम एकच, हसं करून घेणं आणि हरणं. २०१४ मध्ये मॅकिंटायर आणि जिंदरला कंपनीने काढून टाकलं. जिंदर परत आला आणि २१ मे २०१७ रोजी रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो दिल्लीत, भारतीय प्रेक्षकांसमोर, ट्रिपल एचकडून हरला. मॅकिंटायर २०२० मध्ये ब्रॉक लेस्नरला हरवून चॅम्पियन झाला. आणि स्लेटर? त्यालाही २०२० मध्ये नारळ मिळाला. काही महिन्यांनी तो एका रात्रीपुरता परतला, जुन्या मित्राशी, चॅम्पियन मॅकिंटायरशी लढला, काही क्षणांत हरला, मिठी मारली आणि गेला. तिघांनी एकत्र हरायला सुरुवात केली होती. एकाला त्या दोघांसारखं मुख्य विजेतेपद कधी मिळालं नाही.

आपल्याला हरणारा आवडतो, पण कधी?

आता एक गंमत पाहा. या मंडळींपैकी कुणाची क्लिप तुमच्या फोनवर येते? बॅरी हॉरोविट्झची. वर्षानुवर्षं हरलेला हा माणूस जुलै १९९५ मध्ये 'स्किप'ला हरवतो आणि कॉमेंटेटर वेडा होतो, ती क्लिप. किंवा कर्ट हॉकिन्सची. सलग २६९ लढती हरून तो २०१९ च्या रेसलमेनियात झॅक रायडरबरोबर टॅग टीमचं विजेतेपद जिंकतो, ती. वर गाणं लावलेलं, खाली 'नेव्हर गिव्ह अप'.

पाहताना डोळ्यांत पाणी येतं, हे खरं. पण आपण नक्की कशाचं कौतुक करतोय? हॉकिन्सची २७० वी लढत आपल्याला आवडली. आधीच्या २६९ मध्ये त्याने जे काम केलं, ते आपल्या लेखी फक्त प्रतीक्षा होती. म्हणजे हरणाऱ्याला मान मिळाला तो तो शेवटी जिंकला म्हणून. ही हरण्याची कदर नाही. ही जिंकण्याचीच पूजा आहे, फक्त उशिरा केलेली.

क्रिकेटमध्येही हेच. टी. नटराजन २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात नेट बोलर म्हणून राहिला आणि त्याच दौऱ्यात तिन्ही प्रकारांत भारताकडून खेळला. त्याची गोष्ट सुंदरच आहे. पण नेटमध्ये हजारो चेंडू टाकून, मोठ्या बॅट्समनचे हात मोकळे करून जे परत गेले, त्यांच्या चेंडूंचं काय? ते चेंडू वाया गेले असं म्हणायचं का?

उपयोगी असणं आणि चांगलं असणं

यावर नेहमीचं उत्तर असं की नाही, वाया नाही गेले, कारण हरणाऱ्याशिवाय जिंकणारा नसतो. प्रत्येकाचं योगदान असतं. पायाचे दगड दिसत नाहीत, वगैरे.

मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. हरणारा आवश्यक आहे, एवढं म्हटल्याने त्याला काहीच मिळत नाही. खिळाही आवश्यक असतो. आवश्यक असणं ही वस्तूची गोष्ट झाली. माणसाला फक्त साधन म्हणून वापरू नये असं कांट म्हणाला, तेव्हा त्याचा रोख याच गफलतीवर होता. 'तू किती उपयोगी पडलास' हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण त्यात मोजमाप समोरच्याच्या फायद्याचं असतं.

जॉबरच्या कामाची खरी किंमत दुसरीकडे आहे. रिंगमध्ये दोन माणसं एकमेकांच्या हातात आपापली मान देतात, अगदी शब्दशः. अननुभवी, धसमुसळा, तापट तारा समोर असतो. त्याच्या चुकीच्या पकडीतून स्वतःला वाचवायचं, त्यालाही इजा होऊ द्यायची नाही आणि वर त्याचा साधा ठोसा असा 'विकायचा' की शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो लागावा. हे कसब आहे. त्यात वेळेचं भान आहे, शरीराची जाण आहे आणि दुसऱ्याची काळजी आहे. ते मोठं आहे ते तारा मोठा झाला म्हणून नव्हे. समोरचा तारा पुढे फुसका निघाला तरी त्या रात्रीचं पडणं उत्तमच होतं.

आपल्या तालमींत हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. एखाद्या पैलवानाची मोठी कुस्ती ठरली की त्याच्याशी जोर करायला पोरं लागतात. एक दमला की दुसरा. पैलवान डाव घोटतो, पोरं चितपट होतात. तिथे ठरवाठरवी नसते, तरी त्यांचं काम तेच: दुसऱ्याला तयार करणं. वस्तादाची नजर मात्र त्यांच्यावरही असते. कोण कच खातो, कोण उगाच अंग चोरतो, कोण पडतानाही हात सोडत नाही. आणि गावच्या मैदानात चांगली झुंज देऊन हरलेल्या पोरालाही गर्दीतून कुणीतरी नोट काढून देतं. ती नोट त्याच्या लढण्याची असते. जिंकणाऱ्याची उष्टी नसते.

ज्याची मान मोडली

पण कसबाचं कौतुक करून थांबलो तर ते धोकादायक होईल. 'अनसंग हीरो' म्हणणं फुकट असतं, आणि फुकट गोष्टी मालकांना आवडतात.

डिसेंबर १९९० मध्ये चार्ल्स ऑस्टिन नावाचा एक नवखा तरुण डब्ल्यूडब्ल्यूएफच्या एका रेकॉर्डिंगला हरण्यासाठी उभा राहिला. समोर 'द रॉकर्स' ही लाडकी जोडी. त्यांच्यातल्या मार्टी जनेटीने आपला ठेवणीतला डाव टाकला. हा डाव अंगावर घेताना समोरच्याने सपाट पडायचं असतं. ऑस्टिन डोक्यावर पडला. मान मोडली, अर्धांग झालं. तो कोर्टात गेला आणि १९९४ मध्ये ज्युरीने त्याच्या बाजूने २ कोटी ६७ लाख डॉलर भरपाईचा निकाल दिला.

लोम्बार्डी आणि ऑस्टिन दोघेही हरण्यासाठीच रिंगमध्ये उतरले होते. फरक कशात होता? लोम्बार्डीला आपण काय करतोय ते पुरतं माहीत होतं, हाताशी वर्षांचा सराव होता, ओळखीचे सहकारी होते. ऑस्टिनकडे यातलं फारसं काही नव्हतं. एकाचं हरणं हा व्यवसाय होता, दुसऱ्याचा देह भाड्याने घेतलेला होता. ताऱ्यांची स्थितीही फार वेगळी नाही. डब्ल्यूडब्ल्यूई आपल्या पैलवानांना नोकर मानत नाही, 'स्वतंत्र कंत्राटदार' मानते. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुराने पैलवानांची युनियन काढायचा प्रयत्न केला, तो फसला.

तेव्हा 'हरण्याला प्रतिष्ठा आहे का' या प्रश्नाचं माझं उत्तर असं: कसब असेल तर आहे, पण ती मान्य करायची तर तिची किंमत मोजावी लागते. हरणाऱ्याला आधी सगळं माहीत असलं पाहिजे. पडताना खाली काहीतरी सुरक्षित असलं पाहिजे. आणि कामाचा दाम व नाव त्याला मिळालं पाहिजे. यातलं काहीच न देता नुसतं कौतुक करणं म्हणजे जोन्सचे सेकंद पुसून त्याला टाळ्या देण्यासारखं आहे.

कॅम्प नंबर पाच

'जॉब' या शब्दाला उल्हासनगरमध्ये आणखी एक अर्थ आहे, आणि तो रेसलिंगच्या अर्थापासून फार लांब नाही. इथल्या जीन्सच्या कारखान्यांत 'जॉबवर्क' चालतं. कापड दुसऱ्याचं, माप दुसऱ्याचं, लेबलही दुसऱ्याचं, शिलाई तेवढी आपली. नगामागे मजुरी. पँट चांगली निघाली तर नाव लेबलचं, शिवण उसवली तर "उल्हासनगरचा माल आहे" म्हणायला जग मोकळं.

'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही शंभरदा ऐकला असेल. फाळणीत सगळं हरून आलेली लाखाच्या आसपास माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरवली गेली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. जे हाताशी होतं त्यातून त्यांनी धंदे उभे केले, आणि शहराला चिकटला तो 'नकली'चा शिक्का. रेसलिंगलाही हाच शिक्का आहे. दोन्हीकडे खोटं असतं ते लेबल. मशीनवर बारा तास वाकलेली पाठ खोटी नसते.

कर्म करावं, फळाकडे पाहू नये, हे आपल्याकडे फार सांगितलं जातं. सांगणाऱ्यांमध्ये फळ मिळालेल्यांचाच भरणा जास्त असतो. जॉबवर्क करणारा कारागीर शिलाईत जीव ओततो तेव्हा ती कला त्याची स्वतःची आहे. पण त्या कलेकडे बोट दाखवून त्याचा नगाचा भाव तोच ठेवणं, हा त्या कलेचा अपमान आहे.

शंभरातले नव्व्याण्णव

शेवटी तुमच्या-माझ्याकडे येऊ. अंबरनाथ किंवा बदलापूर स्टेशनबाहेर क्लासेसचे फ्लेक्स लागतात. वर दहा-बारा हसरे चेहरे, खाली पर्सेंटाइल. आता पर्सेंटाइल म्हणजे काय? ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव तुमच्या बरोबरीला किंवा खाली. तो आकडा टॉपरच्या एकट्याच्या अभ्यासाने बनतच नाही. खाली राहिलेल्यांनी परीक्षा दिली म्हणून तो बनतो. आणि ज्यांचा फोटो फ्लेक्सवर कधीच येणार नाही, त्यांच्या फीवरच क्लासचं भाडं निघतं. हे सगळे टॉपरचे एन्हान्समेंट टॅलेंट आहेत, फक्त त्यांना कुणी तसं सांगितलेलं नाही.

इथे जॉबर आपल्यापेक्षा एका बाबतीत सुखी आहे. त्याला निकाल आधी ठाऊक असतो, त्यामुळे हरणं त्याच्या अंगाला चिकटत नाही. ते त्याचं काम असतं, त्याची ओळख नसते. घरी जाताना तो हरलेला माणूस म्हणून जात नाही, काम करून आलेला माणूस म्हणून जातो. आपण मात्र निकाल आला की हरणं अंगावर घेऊन घरी जातो आणि तेच आपलं नाव समजतो. ज्या स्पर्धेत बहुतेकांनी हरावं अशीच रचना आहे, तिथे हरणाऱ्याने लाज बाळगायचं कारण नाही. लाज वाटलीच तर ती जागा मोजक्या आहेत हे लपवून सगळ्यांना फ्लेक्सवरचा चेहरा विकणाऱ्यांना वाटावी.

मराठीत हरण्याला 'पाठ टेकणं' म्हणतात आणि शाबासकीला 'पाठ थोपटणं'. पाठ एकच. बॅरी हॉरोविट्झच्या जाकिटावर मागच्या बाजूला हाताच्या पंजाचा ठसा होता आणि रिंगमध्ये तो हात मागे वळवून स्वतःची पाठ थोपटायचा. हरणाऱ्या माणसाचा विनोद म्हणून लोक हसायचे. मला तो विनोद वाटत नाही. दुसरं कुणी थोपटत नसेल तर हे तरी करावंच. फक्त त्या पाठीचं दाम कुणाकडे थकलंय, हे विसरू नये.